सॉकेट एकच, सनद निराळी

२०१३ सालापर्यंत बाजारात आलेल्या गेमिंग लॅपटॉपांपैकी बहुतेकांचा तळ उघडून पंखा आणि तांब्याच्या नळ्यांचा हीटसिंक बाजूला केला, तर त्याखाली प्रोसेसर बोर्डाला सोल्डर केलेला न आढळता एका चौकोनी सॉकेटात बसवलेला आढळतो. आणि त्या सॉकेटाच्या कडेचा एकच स्क्रू चपट्या पेचकसाने अर्धा फेरा फिरवला, की यंत्राचा तो मुख्य अवयव कोणताही जोर न लावता चिमटीत उचलता येतो. पुढील काळात ही सोय जवळजवळ नाहीशी झाली, इतकी की आज लॅपटॉप वापरणाऱ्या तरुणांपैकी अनेकांना ती कधी काळी होती हेही ठाऊक नसते. आपल्या जुन्या यंत्रात त्याच्यानंतरच्या पिढीचा प्रोसेसर घालून ते आणखी काही वर्षे चालवावे, ही इच्छा मला सर्वथैव रास्त वाटते. ती कोठे फळते, कोठे अडते आणि अडवणारा कोण असतो, हे पाहण्याचा प्रयत्न या लेखात केला आहे, आणि त्यातून जे माझ्या ध्यानी आले ते आरंभीच नमूद करतो: अडथळा तांब्याचा वा सिलिकॉनचा असतो त्याहून अधिक वेळा तो मंजुरीचा असतो.

ज्या काळात हा खटाटोप सर्वाधिक सुकर होता तो काळ अवघा दोन-तीन वर्षांचा. इंटेल कंपनीने जानेवारी २०११ मध्ये ‘सँडी ब्रिज’ या नावाने दुसऱ्या पिढीचे कोअर प्रोसेसर आणले. त्यांची घडण ३२ नॅनोमीटरची होती. एप्रिल २०१२ मध्ये ‘आयव्ही ब्रिज’ ही तिसरी पिढी आली; घडण २२ नॅनोमीटरवर उतरली, ट्रान्झिस्टरची रचना सपाट न राहता उभी झाली, आणि विशेष म्हणजे दोन्ही पिढ्यांना लॅपटॉपांत ९८८ पिनांचा एकच सॉकेट ठेवण्यात आला. सहा मालिकेतील एचएम६५ व एचएम६७ आणि सात मालिकेतील एचएम७६ व एचएम७७ हे त्या वेळचे प्रचलित चिपसेट. एका पिढीचा प्रोसेसर दुसऱ्या पिढीच्या बोर्डात शरीराने सहज बसे. तो तेथे चालेल की नाही हे मात्र वेगळ्याच दफ्तरात ठरत असे.

ग्रँट रोड स्थानकाजवळच्या ज्या रस्त्याला महापालिकेच्या दफ्तरी डॉ. भडकमकर मार्ग म्हणतात आणि सारी मुंबई लॅमिंग्टन रोड म्हणते, तेथील एका इमारतीच्या पोटमाळ्यावर दुरुस्तीचे दुकान चालवणाऱ्या एका अनुभवी कारागिराकडे मी हे काम प्रत्यक्ष पाहिले. गिऱ्हाईक म्हणून आलेला मुलगा डोंबिवलीचा, ॲनिमेशन शिकणारा. लॅपटॉप त्याच्या मामाने नोकरी लागल्यावर २०१२ च्या पूर्वार्धात घेतलेला. त्यात दोन कोअरचा आय५-२४५०एम हा दुसऱ्या पिढीचा प्रोसेसर आणि जीटी ६३०एम हे एनव्हिडियाचे ग्राफिक्स होते. कारागिराने यंत्र उघडण्यापूर्वी एका छोट्या प्रोग्रामने चिपसेटचे नाव पडद्यावर आणले आणि ते वाचून त्याचा चेहरा खुलला. चिपसेट एचएम७६ होता. त्या वर्षी अनेक निर्मात्यांनी नव्या पिढीचा बोर्ड तयार ठेवला होता, परंतु नवे प्रोसेसर पुरेसे हाती येईपर्यंत त्यावर मागल्या पिढीचेच बसवून माल विकला होता; म्हणजे तिसऱ्या पिढीची तजवीज या यंत्रात जन्मापासून होती आणि ती दशकभराहून अधिक काळ न वापरता तशीच पडून होती.

“काका, सरळ आय७ टाका ना, सगळ्यात मोठा,” मुलगा म्हणाला.

“मोठा टाकीन रे, पण थंड कोण करणार त्याला? तुझा हीटसिंक पस्तीस वॅटचा आहे. पंचेचाळीसवाला घातला तर दहा मिनिटं पळेल आणि मग स्वतःच हळू होईल.”

या उत्तरात या कामाचे अर्धे शास्त्र आले आहे. आय७-३६३०क्यूएम आणि आय७-३७४०क्यूएम हे त्या पिढीचे नामांकित चार कोअरचे प्रोसेसर ४५ वॅटचे होते, तर एक्सएम अक्षरे मिरवणारे सर्वोच्च प्रोसेसर ५५ वॅटचे. दोन कोअरसाठी तयार केलेल्या यंत्रात निर्मात्याने बहुधा तांब्याची नळी एकच दिलेली असते, वीजपुरवठ्याच्या टप्प्यांतील काही भाग बोर्डावर बसवलेलेच नसतात, आणि अडॅप्टरही त्याच हिशेबाने लहान असतो. म्हणून कारागिराने निवडला तो आय७-३६३२क्यूएम: कोअर चार, थ्रेड आठ, कॅश सहा मेगाबाइट, आणि उष्णतेचा हिशेब जुन्या प्रोसेसराइतकाच ३५ वॅटचा. कागदावर त्याची मूळ गती २.२ गिगाहर्ट्झ, म्हणजे जुन्याच्या २.५ हून कमी दिसते आणि पुष्कळ लोक तेथेच बिचकतात. परंतु कामाच्या वेळी तो एका कोअरवर ३.२ पर्यंत चढतो, प्रत्येक आवर्तनात थोडे अधिक काम उरकतो, आणि कोअरची संख्या तर दुप्पटच असते.

पुढील क्रम मी बारकाईने टिपला, कारण चुका होतात त्या क्रमातच. सर्वप्रथम जुना प्रोसेसर जागेवर असतानाच, बॅटरी पूर्ण भरून आणि अडॅप्टर जोडून, निर्मात्याने दिलेली शेवटची बायॉस आवृत्ती चढवण्यात आली. कारण नवा प्रोसेसर ओळखण्याची माहिती त्या आवृत्तीत असते आणि नवा प्रोसेसर बसवल्यावर जर पडदाच उजळला नाही तर ती चढवायची कोठून? मग बॅटरी काढली, अडॅप्टर सोडवला, पॉवरचे बटण काही वेळ दाबून धरून उरलीसुरली वीज निघून जाऊ दिली. हीटसिंकवर स्क्रूंच्या शेजारी १ ते ४ असे आकडे कोरलेले होते. ते उलट्या क्रमाने सैल करण्यात आले. जुनी पेस्ट वाळून खडूसारखी झाली होती, ती आयसोप्रोपिल अल्कोहोलने भिजवलेल्या कापडाने पुसून काढली. लॅपटॉपच्या प्रोसेसरावर डेस्कटॉपप्रमाणे धातूचे झाकण नसते, सिलिकॉनचा आरशासारखा तुकडा उघडाच असतो, आणि हीटसिंक एका बाजूने आधी आवळला तर त्याचा कोपरा टिचतो. म्हणून बसवताना समोरासमोरचे स्क्रू आळीपाळीने थोडे थोडे आवळायचे असतात. नव्या प्रोसेसराच्या कोपऱ्यावरचा सोनेरी त्रिकोण सॉकेटावरच्या खुणेशी जुळवून तो वरून सोडला तेव्हा आपल्या वजनानेच खाली बसला. कारागिराने त्याला बोटाने दाबलेही नाही. “दाबावं लागलं तर समजायचं, पिन वाकली आहे,” एवढेच तो म्हणाला.

हा प्रोसेसर नवा नव्हताच. तिसऱ्या पिढीचे उत्पादन कधीच थांबले आहे. बाजारात येतात ते परदेशांतील कचेऱ्यांनी मोडीत काढलेल्या लॅपटॉपांतून उपसलेले. त्यांत निर्मात्याने चाचणीसाठी वाटलेले नमुनेही मिसळलेले असतात, आणि असा नमुना अनेक बायॉसना ओळखू येत नाही. पाठीवर ‘कॉन्फिडेन्शियल’ असा शिक्का आणि क्यू अक्षराने सुरू होणारा संकेत दिसला तर तो नमुना; एसआर अक्षरांनी सुरू होणारा संकेत असेल तर विक्रीचा माल. आय७-३६३०क्यूएमवर, उदाहरणार्थ, एसआर०यूएक्स असे कोरलेले असते. कारागीर भिंगातून प्रथम हेच पाहतो, पिना नंतर मोजतो.

पहिल्या वेळी पडदा काही क्षण काळाच राहिला, यंत्र एकदा आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू झाले, आणि मग बायॉसच्या पानावर नव्या प्रोसेसराचे नाव उमटले. त्याच्या जोडीने एक वाढीव लाभही पदरात पडला: दुसऱ्या पिढीचा तो प्रोसेसर मेमरी १३३३ च्या वेगाने चालवत असे, तिसऱ्या पिढीचा १६०० ने चालवतो, आणि मामाने मागाहून घातलेल्या मेमरीच्या पट्ट्या सुदैवाने १६०० च्याच होत्या. प्रोसेसरातील अंगभूत ग्राफिक्सही एचडी ३००० वरून एचडी ४००० वर गेले आणि त्यायोगे डायरेक्टएक्स ११ ची पात्रता आली. कसोटीचा भार टाकला तेव्हा तापमान ८० अंशांच्या आसपास स्थिरावले, जे १०५ अंशांच्या मर्यादेपासून सुरक्षित अंतरावर आहे.

आता खेळांचे काय झाले, हा प्रश्न टाळता येणार नाही. लॅपटॉप खेळांसाठी घेतलेला होता. एप्रिल २०१५ मध्ये पीसीवर आलेल्या ‘ग्रँड थेफ्ट ऑटो ५’ने किमान पात्रता म्हणून कोअर २ क्वाड क्यू६६०० हा चार कोअरचा प्रोसेसर मागितला होता. तेथून पुढे दोन कोअरची यंत्रे मागे पडत गेली. सरासरी गती बरी दिसली तरी गर्दीच्या रस्त्यावर गाडी वळवताना दृश्य क्षणभर अडखळे. हे अडखळणे चार कोअरांनी दूर होते, आणि त्या मुलाच्या ॲनिमेशनच्या रेंडरला तर निम्म्याच्या जवळपास वेळ पुरू लागला. परंतु चित्र रेखाटण्याचे काम अखेर ग्राफिक्सचे आहे आणि जीटी ६३०एममध्ये जे नाही ते कोणताही प्रोसेसर देऊ शकत नाही. ते ज्या फर्मी घराण्यातले, त्या घराण्यासाठी एनव्हिडियाने नव्या खेळांचे ड्रायव्हर देणे एप्रिल २०१८ मध्येच थांबवले. शिवाय काही अलीकडचे खेळ एव्हीएक्स२ या सूचनासंचाशिवाय सुरूच होत नाहीत, आणि तो चौथ्या पिढीपासूनचा आहे. तेव्हा अशा बदलाने जुन्या यंत्राला त्याच्या काळातील सर्व खेळ सुखाने खेळता येतात आणि आजची पुष्कळ कामे करता येतात. आजचे खेळ खेळण्याची अपेक्षा कोणी त्याच्याकडून ठेवू नये, आणि दुकानदाराने ती विकू नये.

याच दुकानात त्याच दिवशी एक दुसरा लॅपटॉप परत पाठवण्यात आला. वर्ष २०११, चिपसेट एचएम६७, सॉकेट तंतोतंत तोच. इंटेलने सहा मालिकेच्या चिपसेटावरही तिसऱ्या पिढीला वाव ठेवला होता, मात्र त्यासाठी चिपसेटमधील मॅनेजमेंट इंजिनचे फर्मवेअर सातव्या आवृत्तीवरून आठव्या आवृत्तीवर न्यावे लागे आणि बायॉसही त्यानुसार बदलावी लागे. डेस्कटॉप बोर्डांच्या अनेक निर्मात्यांनी तशी बायॉस दिली. लॅपटॉपांच्या बहुतेक निर्मात्यांनी दिली नाही. कारण त्यांच्या लेखी नवा प्रोसेसर हवा असलेल्या गिऱ्हाइकासाठी नवा लॅपटॉप तयार होता. परिणाम असा, की प्रोसेसर बसतो, पंखा फिरतो, दिवा लागतो आणि पडदा काळाच राहतो. ज्याने यंत्राची पूर्ण किंमत मोजली त्याच्या मालकीच्या वस्तूत, तिला शक्य असलेले काम करण्याची परवानगी तिसऱ्याच्याच हाती राहते, ही गोष्ट मला त्या काळ्या पडद्याहून अधिक खुपते. थिंकपॅड टी४२० हे गेमिंगचे यंत्र नव्हे, तथापि त्याचा दाखला येथे महत्त्वाचा आहे: निर्मात्याच्या बायॉसच्या जागी ‘कोअरबूट’ हे मुक्त फर्मवेअर बसवले की तोच सहा मालिकेचा बोर्ड तिसऱ्या पिढीचे चार कोअर निमूटपणे स्वीकारतो. बोर्डात सामर्थ्य होतेच. सनद तेवढी नव्हती.

२०१३ च्या जूनमध्ये ‘हॅसवेल’ ही चौथी पिढी आली, तिचा सॉकेट निराळा होता, आणि लॅपटॉपांच्या स्वतंत्र सॉकेटांची ती शेवटची पिढी ठरली. नावातील अक्षरांनी भेद कळे: एमक्यू म्हणजे सॉकेटातला, एचक्यू म्हणजे सोल्डर केलेला. पाचव्या पिढीपासून लॅपटॉपी प्रोसेसर सोल्डर केलेलेच येऊ लागले. याला कारणे होती आणि ती खोटी नव्हती. सॉकेट उंची घेतो, खर्च वाढवतो. आणि इंटेलनेच २०११ पासून पुढे आणलेल्या अल्ट्राबुकांच्या नियमांत लहान पडद्याच्या यंत्राची जाडी १८ मिलिमीटरांच्या आत मागितलेली होती. लोकांना हलके यंत्र हवे होते आणि ते त्यांना मिळाले.

तरीही एक पंथ जाडच राहिला. तैवानच्या क्लेव्हो कंपनीने लॅपटॉपच्या कायेत थेट डेस्कटॉपचा प्रोसेसर बसवण्याचा मार्ग चालू ठेवला. २०१५ च्या पी७५०डीएममध्ये झेड१७० चिपसेट, एलजीए११५१ सॉकेट आणि वेगळे काढता येणारे एमएक्सएम जातीचे ग्राफिक्स कार्ड होते. सहाव्या पिढीचा आय७-६७००के त्यात बसे. ऑक्टोबर २०१७ मध्ये आठवी पिढी आली, तेव्हा आय७-८७००के सहा कोअर घेऊन आला. त्याचे बूड त्याच ११५१ संपर्कांचे होते. परंतु इंटेलने राखीव संपर्कांपैकी काही वीजपुरवठ्याला दिले, वीज आणणारे १२८ चे १४६ झाले, परत नेणारे ३७७ चे ३९१ झाले, आणि नवा प्रोसेसर केवळ ३०० मालिकेच्या चिपसेटावरच चालेल असे जाहीर केले.

अनेक देशांतील हौशी मंडळींनी हा निर्णय अंतिम मानला नाही. त्यांनी जे केले ते वाचताना मला त्यांच्या चिकाटीचा मनःपूर्वक आदर वाटतो. बायॉस ज्या आठ पायांच्या बारीक चिपमध्ये असते तिला चिमटा लावून, सीएच३४१ए नावाच्या अत्यंत स्वस्त प्रोग्रामरने तिच्यातील सर्व मजकूर उतरवून घ्यायचा. तो दोनदा उतरवून दोन्ही प्रती तंतोतंत जुळतात का हे पाहायचे आणि मूळ प्रत जपून ठेवायची. मग त्या मजकुरात आठव्या पिढीचा मायक्रोकोड घालायचा, मॅनेजमेंट इंजिनची आवृत्ती बदलायची, ग्राफिक्सच्या पट्ट्यांसंबंधीच्या काही ओळी दुरुस्त करायच्या आणि सर्व पुन्हा चिपमध्ये लिहायचे. प्रोसेसराच्या बुडाशी असलेल्या विशिष्ट संपर्कांवर कॅप्टॉन टेपचा केसासारखा तुकडा लावून ते झाकायचे, काही बोर्डांवर दोन संपर्क वाहक रंगाने जोडायचे. त्या स्वस्त प्रोग्रामरच्या काही प्रती ३.३ व्होल्टच्या चिपच्या माहितीच्या तारांवर ५ व्होल्ट सोडतात, हेही त्यांनीच शोधून एकमेकांना बजावले. या सर्व खटाटोपानंतर चार कोअरांसाठी विकलेले बोर्ड सहा कोअर चालवू लागले. वीज कमी पडेल हे कारण सर्वस्वी निराधार नव्हते, कारण अधिक कोअर अधिक वीज ओढतात आणि दुबळ्या बोर्डावर ते धोक्याचे आहे. परंतु सरसकट बंदीला ते पुरेसे नव्हते, हे या बोर्डांनी चालून सिद्ध केले.

हा मार्गही निर्मात्याने मनावर घेतले तर बंद होतो. इंटेलने चौथ्या पिढीपासून ‘बूट गार्ड’ नावाची व्यवस्था दिली आहे: निर्माता आपल्या किल्लीची मुद्रा चिपसेटमध्ये कायमची जाळून उमटवतो, आणि त्या किल्लीने शिक्कामोर्तब न झालेल्या फर्मवेअरला ही व्यवस्था यंत्र सुरूच करू देत नाही. चोरट्या फर्मवेअरपासून संरक्षण हा तिचा हेतू आहे आणि तो योग्य आहे. तथापि ती किल्ली मालकाकडे कधीच दिली जात नाही, अगदी निर्मात्याने त्या यंत्राकडे पाठ फिरवल्यावरही नाही. जेथे ही मुद्रा उमटलेली नसते तेवढ्याच यंत्रांवर वरील प्रयोग होऊ शकले.

ज्यांनी बदलाचे वचन उघडपणे देऊन यंत्र विकले, त्यांची हकीकतही सांगण्याजोगी आहे. जानेवारी २०१९ मध्ये डेलने एलियनवेअर एरिया-५१एम हा लॅपटॉप जाहीर केला. त्यात नवव्या पिढीपर्यंतचे डेस्कटॉप प्रोसेसर सॉकेटात बसत, ग्राफिक्सही स्वतंत्र कार्डावर होते, आणि अंतर्भाग पुढे बदलता येईल ही त्याची मुख्य जाहिरात होती. पुढच्याच वर्षी दहावी पिढी आली ती एलजीए१२०० हा निराळा सॉकेट घेऊन, आणि तिच्यासाठी डेलने यंत्राची दुसरी आवृत्ती काढली. पहिल्या आवृत्तीच्या मालकांना नव्या पिढीचे काहीच घालता येईना. जून २०२१ मध्ये कॅलिफोर्नियात यासंबंधी गिऱ्हाइकांच्या वतीने फिर्याद दाखल झाली. सॉकेट ठरवणारी इंटेल, यंत्र घडवणारी डेल, आणि वचनावर विसंबलेला ग्राहक: या तिघांपैकी तिसऱ्याच्या हाती काही नव्हते.

आपल्याकडे केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २४ डिसेंबर २०२२ रोजी, राष्ट्रीय ग्राहक दिनी, दुरुस्तीच्या हक्कासंबंधीचे पोर्टल सुरू केले, हे स्वागतार्ह आहे. परंतु बिघडलेली वस्तू पूर्ववत करणे आणि चालू वस्तू पुढे नेणे यांत फरक आहे, आणि दुसऱ्या गोष्टीकडे कायद्याचे लक्ष अद्याप फारसे गेलेले दिसत नाही. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची मुदत संपल्यापासून हा प्रश्न घरोघर पोचला आहे. विंडोज ११ ला इंटेलचा प्रोसेसर सामान्यतः आठव्या पिढीचा किंवा पुढचा लागतो आणि टीपीएम २.० लागतो, म्हणून डोंबिवलीच्या त्या मुलाच्या यंत्रावर कारागिराने प्रोसेसर बदलून झाल्यावर लिनक्स चढवून दिले. माझी मागणी मर्यादित आहे. निर्मात्याने ज्या दिवशी एखाद्या यंत्राची बायॉस सुधारणे थांबवले, त्या दिवशी त्याने त्या यंत्राच्या मालकाला आपल्या जबाबदारीवर दुसरे फर्मवेअर चढवण्याची मोकळीक द्यावी, आणि कोणता चिपसेट कोणत्या पिढीपर्यंत विजेच्या दृष्टीने समर्थ आहे हे खरेदीच्या वेळीच लिहून द्यावे.

हे अशक्य नाही, याचा पुरावा एका तुलनेने लहान कंपनीने दिला आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या फ्रेमवर्क कंपनीने सोल्डर केलेला प्रोसेसर मान्य केला, मात्र संपूर्ण मदरबोर्डच बदलण्याजोगा ठेवला. २०२१ च्या तिच्या लॅपटॉपात अकराव्या पिढीच्या जागी पुढच्या वर्षी बाराव्या पिढीचा बोर्ड त्याच कवचात बसला, आणि २०२३ मध्ये एएमडीचाही. खेळांसाठी आलेल्या तिच्या १६ इंची यंत्रात ग्राफिक्सही मागच्या बाजूने काढता येतात, आणि २०२५ मध्ये त्याच जुन्या कवचासाठी नवा रायझन बोर्ड व आरटीएक्स ५०७० चे ग्राफिक्स स्वतंत्रपणे विक्रीस आले. तिच्या १३ इंची यंत्रातून निघालेला जुना बोर्ड ठेवण्यासाठी कूलर मास्टर कंपनीने एक छोटी पेटी काढली आहे. त्या पेटीत तो बोर्ड पडदा आणि कळफलक जोडून डेस्कटॉप म्हणून चालतो.